पत्त्यातला पार्क

एक सोपा प्रश्न. तुमच्या ऑफिसच्या पत्त्यात 'पार्क' आहे का?

व्हिजिटिंग कार्ड काढून बघा. बिझनेस पार्क, आयटी पार्क, नॉलेज पार्क, कॉर्पोरेट पार्क... मी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर विचारलं, तर सातपैकी चौघांचे पगार कुठल्या ना कुठल्या पार्कातून येतात! आणि त्या चौघांपैकी एकालाही आपल्या पार्कात कार्ड स्वाइप न करता, कॉफी न घेता, झाडाखाली अर्धा तास बसायला जागा नाही. एक मैत्रीण लंच ब्रेकमध्ये कुंडीच्या कठड्यावर टेकली होती. सिक्युरिटीवाले काका अदबीनं आले. 'मॅडम, इथे बसायला अलाउड नाही. झाडं शोची आहेत.'

शोची झाडं! हा शब्द काही डोक्यातून जाईना. म्हणून मग शोधायला निघाले, की या पार्कांच्या जागी आधी काय होतं? आणि मुंबईच्या उपनगरांत एखादी जुनी, वापरून टाकलेली, काळवंडलेली जागा खरोखरच पार्क झाली आहे का? म्हणजे बाक, पायवाट, पोरांचा आरडाओरडा आणि आपल्या मर्जीनं वाढलेली झाडं असलेली?

उत्तर मिळालं. पण ते जिथे मिळेल असं वाटलं होतं तिथे नाही.

भोंग्याच्या गावात

गोरेगाव पूर्वेपासून सुरुवात करू. हायवेवरच्या निर्लॉन नॉलेज पार्कमध्ये आज लॅपटॉपची बॅग लटकवून जी पब्लिक शिरते, तिच्या आधी तिथे कृत्रिम धागा बनवणाऱ्या निर्लॉन कंपनीचे कामगार शिफ्टला शिरायचे. शेजारच्या नेस्कोमध्ये आपण एक्झिबिशनला, गरब्याला, कॉन्सर्टला जातो. तो मूळचा इंजिनिअरिंगचा कारखाना. विलेपार्ल्यात तर पत्ता सांगायची गरजच नव्हती, बिस्किटांच्या वासावर स्टेशन कळायचं. १९२९ साली सुरू झालेला पार्ल्याचा तो कारखाना २०१६ मध्ये बंद झाला आणि लोकलच्या दारातला तो फुकटचा नाश्ताही गेला.

पण खरी कारखान्यांची रांग होती सेंट्रलवाल्यांकडे. लाल बहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे आजोबांच्या तोंडचा आग्रा रोड. विक्रोळीला गोदरेज, कांजूरला क्रॉम्प्टन, भांडुपला जीकेडब्ल्यू, सिएट आणि एशियन पेंट्स, मुलुंडला जॉन्सन अँड जॉन्सन. स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत या रस्त्यावर देशाच्या घराघरातल्या वस्तू तयार होत होत्या. साबण, रंग, टायर, पंखे, कपाटं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या लाखो लोखंडी मतपेट्यासुद्धा विक्रोळीतून गेल्या. आपण आज ज्याला 'फार लांब, सेंट्रल सबर्ब्ज' म्हणून नाक मुरडतो, तिथल्या पत्र्याच्या पेट्यांत देशाची पहिली लोकसभा निवडली गेली. बोला!

कारखाना म्हणजे नुसती शेड नव्हे. त्याच्या भोवती चाळी, खानावळी, भजनी मंडळं, क्रिकेटच्या टीम्स आणि युनियन. दत्ता सामंतांचं नाव गिरणी संपाशी जोडलं गेलंय, पण ते मुळात घाटकोपरचे डॉक्टर. आसपासच्या दगडखाणींत काम करणारी माणसं पेशंट म्हणून यायची, त्यांचं दुखणं औषधानं बरं होणारं नाही हे कळलं आणि डॉक्टर युनियन लीडर झाले. गोदरेज, प्रीमिअर असं करत करत ते १८ जानेवारी १९८२ च्या गिरणी संपापर्यंत पोचले. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्या संपात उतरले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही असं म्हणतात. १६ जानेवारी १९९७ ला पवईत, घराजवळच, सामंतांचा खून झाला.

तोपर्यंत वारं फिरलं होतं. मुंबईत नवे मोठे कारखाने नकोत, असलेले बाहेर जाऊ देत, हे सरकारी धोरण जुनंच होतं. त्यात जकात, मजुरी, आणि सगळ्यात भारी म्हणजे जागेचा भाव. साधं गणित आहे. जमिनीवर साबण करण्यापेक्षा जमीनच विकणं जास्त फायद्याचं झालं, त्या दिवशी कारखाना संपला. मग तो कागदोपत्री कधी का बंद होईना.

एक तृतीयांशाची गोष्ट

आता इथे एक फाटा होता. शहर त्या फाट्यावर दुसरीकडे वळू शकलं असतं.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ नंबरचा एक नियम होता. तो कापड गिरण्यांपुरता. गिरणीच्या जमिनीचा नवा वापर करायचाय? करा. पण ढोबळ मानानं तीन वाटे करायचे. एक मोकळ्या जागेसाठी शहराला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. गिरण्यांची सगळी मिळून जमीन सहाशे एकरांच्या घरात. म्हणजे बागा-मैदानांसाठी दोनशेच्या आसपास एकर, तेही ऐन गिरणगावात. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीनं या जमिनींचा एकत्र आराखडा कसा करता येईल ते कागदावर मांडूनही दिलं. गिरणीचा एकेक तुकडा वेगळा न धरता शेजारच्या गिरण्यांच्या मोकळ्या जागा एकमेकींना जोडायच्या, म्हणजे सलग बाग मिळेल, अशी त्यातली साधी कल्पना.

२००१ मध्ये नियमात बदल झाला. वाटणी कशाची? तर गिरणीत आधीपासून जी जागा मोकळी आहे, फक्त तिची. आता गिरणी म्हणजे शेडच शेड. मोकळी जागा किती असणार? भाकरी कुणी नेली आणि तुकड्याचे तीन भाग करायचे! बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप कोर्टात गेला. २००५ मध्ये हायकोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो फिरवला. दरम्यान २००५ मध्येच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचे लिलाव झाले. मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना, दादरची कोहिनूर मिल ४२१ कोटींना. पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण पुढचं म्हणजे आपला शुक्रवारचा लोअर परळ.

उपनगरांचं काय? तर उपनगरांतल्या रंगाच्या, टायरच्या, औषधांच्या कारखान्यांना हा तीन वाट्यांचा नियम लागूच नव्हता. तो होता फक्त कापड गिरण्यांना. इंडस्ट्रियल जमीन रेसिडेन्शिअल किंवा कमर्शिअल करून घ्यायची, बदल्यात 'अमेनिटी' म्हणून छोटा हिस्सा सोडायचा, झालं. त्यामुळे आग्रा रोडवर एकामागोमाग एक मॉल आणि टॉवर उभे राहिले. त्यावर ना मोर्चा निघाला, ना सिनेमा आला. गिरणगाव गेलं तेव्हा शहरानं निदान हळहळ तरी व्यक्त केली. भांडुप-मुलुंडच्या कारखान्यांना तेवढीही मिळाली नाही. माझ्या मते तरी हे जास्त वाईट.

बाहेर लोक काय करतात? जर्मनीत डुइसबर्गला लोखंड गाळणारा एक अजस्र कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. पाडायचा खर्चच इतका, की त्यांनी तो पाडला नाही. पेटर लाट्झ या लँडस्केप आर्किटेक्टनं भट्ट्या, चिमण्या, रूळ तसेच ठेवून मधूनमधून झाडं येऊ दिली. १९९४ मध्ये ते सगळ्यांना खुलं झालं. आज तिथल्या गॅसच्या टाकीत पाणी भरून लोक स्कूबा डायव्हिंग शिकतात, खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर क्लाइंबिंग करतात. तिकीट नाही, रात्री-बेरात्रीही जाता येतं. अमेरिकेत सिअॅटलनं तर १९७५ मध्येच जुन्या गॅस कारखान्याची बाग केली होती.

आपल्याकडे असं काहीच नाही, असं लिहून मी लेख इथेच संपवणार होते. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, अगं, तू माहीमचं नेचर पार्क विसरलीस.

कचऱ्यावरचं जंगल

लाज वाटली, कारण त्या गेटवरून मी शेकडो वेळा गेलेय. वांद्रे-सायन लिंक रोड, धारावी बस डेपोच्या जवळ. सिग्नलला रिक्षा थांबते, आपण फोनमध्ये बघतो, रिक्षा सुटते. डाव्या-उजव्या हाताला काहीतरी हिरवं आहे एवढं जाणवतं. संपलं.

या वेळी रविवारी सकाळी सायन स्टेशनला उतरून चालत गेले. रस्त्यावर नेहमीचा कल्ला. गेटातून आत शिरून पन्नास पावलं गेल्यावर तो कल्ला खाली बसल्यासारखा झाला. पूर्ण जात नाही हं. पण मध्ये झाडांचा पडदा येतो. करंज, उंबर, बांबू, पायाखाली पाचोळा. कुठेतरी तांबट पक्ष्याची टुक-टुक चालू. शाळेची एक सहल आली होती आणि बाई दर दोन मिनिटांनी 'हात लावायचा नाही, बघायचं फक्त' म्हणत होत्या. मुलं अर्थातच हात लावत होती.

वाटेच्या कडेला पावसानं माती खचली होती, तिथे हिरव्या काचेचा एक तुकडा वर आला होता. बाटलीचा असणार. मी वाकून बघत बसले. कारण त्या तुकड्यातच या जागेचा सातबारा आहे.

३७ एकरांची ही जागा मुंबईचं डम्पिंग ग्राउंड होती. एका बाजूला मिठी नदी, दुसऱ्या बाजूला धारावी. आणि धारावी म्हणजे तेव्हा शहराचा कातडी कमावण्याचा कारखानाच. वांद्र्याला कत्तलखाना, म्हणून जवळच धारावीत चामड्याचे उद्योग. पुढे कत्तलखाना देवनारला गेला, चामडं कमावण्याचं कामही हळूहळू धारावीतून हललं. शहराला जे जे नकोसं, वासाचं, ते ते सगळं या कोपऱ्यात. १९७७ मध्ये इथे कचरा टाकणं थांबलं. त्याच्या आसपास वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतातल्या मंडळींनी कल्पना मांडली, की इथे निसर्ग उद्यान करू या. कल्पना करा, त्या काळी त्यांना लोक किती हसले असतील. कचऱ्यावर झाड लावणार?

प्रश्न बावळटपणाचा नव्हताच. कचऱ्याच्या ढिगात झाड जगत नाही, त्याची कारणं आहेत. एक तर माती नसते. आतला ओला कचरा कुजताना मिथेन तयार होतो, तो मुळांपाशी ऑक्सिजन राहू देत नाही. ढीग आतून गरम असतो. वर्षानुवर्षं खचत राहतो, म्हणजे आज लावलेलं रोप उद्या तिरकं. पाऊस पडला की काळं पाणी झिरपतं. त्यामुळे आधी बाहेरून माती आणून पसरायची, खत घालायचं, अशा ठिकाणीही तग धरणारी चिवट झाडं लावायची, त्यांचा पाला पडून थर जमला की मग बाकीची नाजूक मंडळी आणायची. म्हणजे घाई नाही चालत. १९८३ मध्ये डॉ. सालिम अली यांच्या हातून पहिलं झाड लागलं. उद्यान लोकांसाठी उघडलं २२ एप्रिल १९९४ ला, वसुंधरा दिनी. कचरा बंद झाल्यापासून तब्बल सतरा वर्षांनी! आणि योगायोग बघा, जर्मनीतला तो डुइसबर्गचा पार्क उघडला तोही १९९४ मध्येच. त्यांचं नाव जगभर झालं, डिझाइनच्या पुस्तकांत गेलं. आपलं धारावीच्या सिग्नलला उभं आहे.

आज इथे शंभराहून जास्त जातींचे पक्षी दिसतात, फुलपाखरांच्या जाती ऐंशीच्या आसपास. कागदोपत्री हे 'संरक्षित वन' आहे आणि चालवते एमएमआरडीए. मी मिठीच्या बाजूला गेले तेव्हा ओहोटी होती. वास यायचा तो आलाच, खोटं कशाला बोलू. पण समोर खारफुटी, त्यात दोन बगळे, आणि त्यांच्या मागे, नदीपलीकडे, बीकेसीच्या काचेच्या इमारती. तिथल्या एका काचेमागे मी इंटर्नशिपचे सहा महिने काढलेत. खिडकीतून हे हिरवं दिसायचं. एकदाही विचारलं नव्हतं, ते काय आहे म्हणून.

मालाड आणि गोराई : एकाच कचऱ्याच्या दोन गोष्टी

मग लक्षात आलं, की उपनगरांत आणखीही डम्पिंगं होती. त्यातलं एक तर वेस्टर्नच्या निम्म्या कॉल सेंटरवाल्यांच्या खालीच होतं.

मालाड पश्चिमेला चिंचोली बंदरचं डम्पिंग. कचरा थांबला आणि २००० नंतरच्या काही वर्षांत त्या परिसरात माईंडस्पेस उभं राहिलं. पोरं-पोरी रात्रपाळी करू लागली, आणि मग विचित्र तक्रारी सुरू झाल्या. एसी पटापट बिघडतात, कॉम्प्युटर मरतात, चांदीचे दागिने काळे पडतात. पेपरात बातम्या येऊ लागल्या. कारण होतं पायाखाली. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेनबरोबर हायड्रोजन सल्फाइडही निघतो, आणि तो तांब्या-चांदीला खातो. सर्किट म्हणजे दुसरं काय असतं? शहर आपला जुना कचरा विसरलं होतं, पण कचरा काही शहराला विसरला नव्हता. तो सर्व्हर रूमपर्यंत आला.

दुसरी गोष्ट बोरिवलीची. माझ्या पिढीच्या मुंबईकर मुलांना गोराई म्हटलं की एस्सेलवर्ल्डची बोट आठवते. (तेही २०२२ मध्ये बंद झालं. काय काय बंद झालंय यार आपल्या डोळ्यांदेखत!) शाळेच्या पिकनिकला जेट्टीपर्यंत जाताना आख्खी बस नाक धरून बसायची. ते गोराई डम्पिंग. १९७२ पासून तिथे कचरा पडत होता, अगदी खाडीच्या काठावर. ऐंशीच्या दशकात शेजारी गोराई-चारकोपची वसाहत झाली, साध्या नोकरदारांनी कर्ज काढून तिथे घरं बांधली आणि खिडक्या बंद करून राहिले. प्रकरण हायकोर्टात गेलं. २००७ मध्ये कचरा टाकणं थांबलं तेव्हा साडेएकोणीस हेक्टरांवर २३ लाख टनांहून जास्त कचरा साठला होता. उंची सरासरी २६ मीटर, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीएवढी.

दोन वर्षांत त्या ढिगाचं जे केलं ते आपल्या देशात तोवर फारसं कुणी केलं नव्हतं. कचरा उचलला नाही. त्याला उतार दिला, टेकडीसारखा आकार दिला, वरून पाणी आत जाऊ नये म्हणून जाड आवरण घातलं, त्यावर माती, मातीवर गवत. आतला गॅस विहिरींसारख्या नळ्यांनी गोळा करून जाळायची सोय केली. मिथेन हवेत सोडण्यापेक्षा जाळलेला बरा, कारण तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पट वस्ताद. एवढा गॅस रोखला म्हणून कार्बन क्रेडिट मिळणार आणि त्याच्या भरवशावर एशियन डेव्हलपमेंट बँकेच्या कार्बन फंडानं पैसे आगाऊ दिले. वासाचे पैसे झाले! २००९ मध्ये काम पुरं झालं. त्याच वर्षी खाडीपलीकडे विपश्यना पॅगोडाचं उद्घाटन झालं. आता बोटीतून बघितलं तर एका बाजूला सोनेरी घुमट आणि दुसऱ्या बाजूला हिरवी टेकडी. टेकडीच्या पोटात काय आहे, ते पॅगोडाला आलेल्या टुरिस्टला सांगूनही पटणार नाही.

गोराईच्या टेकडीवर मोठी झाडं का नाहीत, असं मला वाटलं होतं. उत्तर सोपं आहे. मुळं खोल गेली की आवरण फाटतं. म्हणून गवत. आणि अजून एक गोष्ट. अशा टेकडीवर इमारत उभी राहत नाही. आत सगळं खचतंय, गॅस आहे, वर पातळ कातडी. टॉवर बांधायला ती जागा बिनकामाची.

ती हिरवी का राहिली, याचं उत्तरही बहुतेक हेच असावं.

जरा मागे वळून बघा. ज्या जमिनीला भाव होता तिथे, म्हणजे गोरेगाव, भांडुप, लोअर परळला, 'पार्क' पाटीवर आला. जिथे खरंखुरं हिरवं उगवलं, ती माहीमची जमीन १९७७ मध्ये कुणाला फुकट दिली असती तरी नको होती. गोराईवर बांधता येत नव्हतं. मालाडला कुणीतरी हिंमत केली, तर तिथे ऑफिसं आली. या शहरात बाग करायची असेल तर आधी जमीन इतकी खराब करावी लागते, की बिल्डरनंसुद्धा नाक दाबावं. हे मी गमतीनं म्हणतेय, पण पूर्ण गमतीनं नाही.

आता नंबर मुलुंडचा

मुलुंड पूर्वेचं हरिओम नगर. ईस्टर्न एक्स्प्रेसवरून रात्रीच्या बसनं येताना डोळा लागला असला, तरी 'मुलुंड आलं' हे नाकाला कळायचं. १९६७ पासून इथे कचरा पडत होता, २४ हेक्टरांवर. ऑक्टोबर २०१८ मध्ये तो थांबला. पण इथे महापालिकेनं गोराईसारखं झाकण घातलं नाही. इथे चालू झालं बायोमायनिंग.

म्हणजे काय, तर जुना कचरा चक्क खणून काढायचा. सुकवायचा, फिरत्या जाळीच्या मोठाल्या पिंपांतून चाळायचा. मातीसारखा भुगा एकीकडे, दगड-विटा भरावासाठी दुसरीकडे, प्लास्टिक आणि चिंध्या सिमेंटच्या भट्ट्यांत जळण म्हणून. २०१६ च्या घनकचरा नियमांचाही कल असाच होता, की जुने ढीग शक्य तिथे खणून मोकळे करा, नाहीच जमलं तर झाका. मुलुंडला सुमारे ७० लाख टन कचरा, साडेपाचशे कोटींवर खर्चाचं काम आणि सहा वर्षांची मुदत ठरली होती. मुदत सरली, वाढवून घ्यावी लागली. कोविड आला, पाऊस तर दर वर्षी येतोच, ओला कचरा चाळणीतून जात नाही.

पर्यावरणाच्या दृष्टीनं हे झाकण्यापेक्षा चांगलंच. विषारी पाणी झिरपायचं थांबतं, आग लागायची भीती जाते. (२०१६ च्या जानेवारीत देवनार पेटलं होतं तेव्हा शहरभर धूर पसरला होता, आठवतंय?) पण बायोमायनिंगमुळे आणखी एक गोष्ट होते, आणि मला वाटतं आपण नोकरदारांनी तिच्याकडे डोळे उघडून बघायला हवं. जमीन परत मिळते. सपाट, मोकळी, बांधता येण्यासारखी. म्हणजे गोराईच्या टेकडीला जे कवच होतं, तेच जातं. मुलुंडमध्ये २४ हेक्टर म्हणजे जवळजवळ साठ एकर. माहीमच्या जंगलाच्या दीडपटीहून जास्त.

देवनारचं काय होतंय ते बघा. १९२७ पासूनचं डम्पिंग. २०२४ मध्ये राज्य सरकारनं त्यातली १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासात हलवाव्या लागणाऱ्या लोकांच्या घरांसाठी द्यायचं ठरवलं. तिथल्या १८५ लाख टन कचऱ्यासाठी २०२५ मध्ये महापालिकेची निविदा निघाली. आता हे नीट वाचा. ज्यांच्या शेजारी एका डम्पिंगवर जंगल उगवलं, त्यांच्यातल्या काहींना दुसऱ्या डम्पिंगवर घर मिळणार. आणि त्या जंगलाचीही झोप उडाली होतीच. धारावी प्रकल्पाच्या अधिसूचित हद्दीत नेचर पार्कचं नाव आलं म्हणून पर्यावरणवाले हायकोर्टात गेले होते. उद्यान प्रकल्पात घेणार नाही, असं २०२३ मध्ये तिथे सांगण्यात आलं. पन्नास वर्षांपूर्वी जी जमीन कुणाला नको होती, तिच्यासाठी आता कोर्टातून वदवून घ्यावं लागतं.

मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर धरतात. नॅशनल पार्क त्यात धरत नाहीत. केंद्राच्या नगररचनेच्या मार्गदर्शक तत्त्वांत आकडा आहे दहा ते बारा चौरस मीटर. सव्वा चौरस मीटर म्हणजे किती? तुमची योगा मॅट अंथरा. त्याहून थोडीशी मोठी. त्यावर एक पाय मुडपून बसा आणि मॉर्निंग वॉक करा.

मुलुंडच्या जागेवर काय व्हावं, यावर बोलणी आणि बातम्या येत-जात असतात. मी परवा हायवेच्या बाजूनं ढीग बघायला गेले. काही भाग सपाट झालेला, काही अजून डोंगर. घारी फिरत होत्या. ढिगाच्या एका उतारावर, जिथे बरेच दिवस कुणी मशीन नेलं नसावं, तिथे एरंड आणि टाकळा माजला होता आणि मध्येच एक पपईचं झाड. कुणी लावलेलं नाही. कुणाच्या तरी डब्यातली बी असणार. त्याला चार पपया लागल्या होत्या.

कसं जाल?

महाराष्ट्र निसर्ग उद्यान, वांद्रे-सायन लिंक रोड, धारावी बस डेपोजवळ. सेंट्रलवाल्यांनी सायनला उतरून चालावं, वेस्टर्नवाल्यांनी वांद्र्याहून बस किंवा रिक्षा धरावी. सकाळी लवकर जा, ऊनही कमी आणि पक्षीही जास्त. पाण्याची बाटली न्या आणि रिकामी बाटली परत आणा. तिथल्या मातीत जुन्या बाटल्या पुष्कळ आहेत.